अख्ख्या गव्हाचा आयरिश सोडा ब्रेड: कॉर्कमधल्या स्वयंपाकघराच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

काय हवंय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला होणार नाही. अख्ख्या गव्हाचा सोडा ब्रेड. मैदा नाही, साखर नाही, मीठ जमेल तितकं कमी. सुरी लावली की चुरा व्हायला नको, आणि तिसऱ्या दिवशीही टोस्ट करून आवडीने खाता यायला हवा. बाबा मार्चपर्यंत इथे आहेत. त्यांना ब्लडप्रेशर आहे, आणि इथला ब्राऊन ब्रेड त्यांना मनापासून आवडलाय. दुकानातल्या पाकिटांवरचे मिठाचे आकडे वाचल्यावर घरीच करायचं ठरवलं.

मूळ रीत अगदी साधी: पीठ, ताक, खाण्याचा सोडा, मीठ. यीस्ट नाही, मळणं नाही, फुगायला ठेवणं नाही. आयर्लंडच्या पावसाळी हवेत वाढणारा गहू मऊ असतो, त्यात प्रथिनं कमी. यीस्टचा ब्रेड उभा राहायला ताणलं जाणारं ग्लुटेन लागतं, ते या गव्हात फारसं नाही. सोड्याच्या ब्रेडला त्याची गरजच नाही. म्हणूनच इथल्या घरांत तो इतका रुजला.

सुरुवातीचं माप, इथे घरोघरी साधारण हेच असतं: ३०० ग्रॅम जाडं होलमील (कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ), १५० ग्रॅम मैदा, सोडा एक सपाट चमचा (५ ग्रॅम), मीठ ५ ग्रॅम, ताक ४०० मिली. ओव्हन २०० अंश सेल्सिअस, ४५ ते ५० मिनिटं. ब्रेड चांगला फुगला, रंग छान आला, खालून टिचकी मारली तर पोकळ वाजला. पण पिठाचा तिसरा हिस्सा मैदा आहे आणि खाल्ल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला सोडा जाणवतो. काम या दोन गोष्टींवर करायचं आहे.

९ जानेवारी

आज भाजलं काहीच नाही, फक्त हिशेब केला.

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ताकातलं लॅक्टिक आम्ल त्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यानेच ब्रेड फुगतो. आम्ल पुरेसं असेल तर सोडा पूर्ण वापरला जातो. कमी पडलं तर उरलेला सोडा तसाच राहतो आणि साबणासारखी चव येते. गाभाही पिवळट-तपकिरी दिसतो. नेहमीचा ठोकताळा असा की एक कप, म्हणजे सुमारे २४० मिली ताकाला अर्धा चमचा सोडा. त्या हिशेबाने ४०० मिली ताकाला ४ ग्रॅमच्या आसपास पुरे. पाच ग्रॅम थोडा जास्तच.

दुसरा हिशेब बाबांसाठी. सोड्याच्या वजनात सुमारे २७ टक्के सोडियम असतं. म्हणजे ५ ग्रॅम सोड्यातून साधारण १.४ ग्रॅम सोडियम येतं, साडेतीन ग्रॅम मिठातून येतं तितकंच. त्यात वरून ५ ग्रॅम मीठ. सगळे मीठ मोजतात, सोडा कोणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला २ ग्रॅम सोडियमची मर्यादा सांगितली आहे. या ब्रेडच्या १६ चकत्या केल्या तर ताकातलं सोडून एकेका चकतीत २०० मिलिग्रॅमच्या वर जातं. बाबा सकाळी दोन चकत्या खातात.

तेव्हा सोडा कमी करणं हे चवीसाठीही हवं आणि तब्येतीसाठीही. दोन्ही कामं एकाच दिशेला आहेत हे बरं झालं.

१२ जानेवारी

मैदा पूर्ण बंद केला. शेजारी शेजारी दोन छोटे ब्रेड भाजले, एक इथल्या जाड्या होलमीलचा, दुसरा भारतीय दुकानातल्या चपातीच्या कणकेचा.

कणकेचा ब्रेड बसला. आत ओलसर, चिकट, सुरीला पीठ लागून येतं. कारण दळणात आहे. चपातीची कणीक खूप बारीक आणि दाबून दळलेली असते, त्यात स्टार्चचे कण फुटतात, आणि फुटलेला स्टार्च भरपूर पाणी ओढतो. चपाती मऊ राहते ती त्यामुळेच. इथे मात्र तेवढ्याच ताकात गोळा घट्ट झाला. ताक वाढवलं तर गाभा गिचका झाला. जाड्या होलमीलमध्ये कोंड्याचे पापुद्रे डोळ्यांना दिसतात, मध्येमध्ये गव्हाचे बारीक तुकडे असतात, आणि त्यांच्यामधून वाफेला वाट मिळते.

पण शंभर टक्के जाडं पीठ घेतलं तर वेगळी अडचण. ब्रेड कापताना कडा गळतात आणि चावताना कोंडा टोचतो. बाबांनी चकती उचलली ती अर्धी ताटातच राहिली. "चव फार चांगली आहे गं," ते म्हणाले, "पण हा हातात धरता आला पाहिजे."

होलमीलबद्दल आणखी एक लिहून ठेवते. गव्हाचा अंकुर त्यातच असतो, अंकुरात तेल असतं, आणि ते तेल खवट होतं. जुन्या पिठाचा ब्रेड कडवट लागतो आणि आपण दोष सोड्याला देतो. लहान पाकीट आणायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं.

१८ जानेवारी

सूर्यफुलाच्या बिया, जवस आणि थोडे तीळ घालून पाहिले. सोडा अजून ५ ग्रॅमच ठेवला होता, मुद्दाम.

दुपारी कापला तेव्हा सगळं ठीक होतं. रात्री पुन्हा कापला तर प्रत्येक सूर्यफुलाच्या बीभोवती हिरवं कडं. बुरशी नव्हे, स्वच्छ गवती हिरवा रंग, बीच्या कडेपासून गाभ्यात दोन-तीन मिलिमीटर पसरलेला. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि ब्रेडमध्ये न वापरलेला सोडा उरला की त्याचा असा हिरवा रंग होतो. खायला काहीच धोका नाही. मला तर त्याचा उपयोगच आहे. ब्रेडमध्ये सोडा उरलाय की नाही हे सांगणारी खूण फुकटात हाती आली. यापुढे प्रत्येक ब्रेडच्या एका टोकाला चार बिया खोचायच्या.

२४ जानेवारी

एओविन वादळ. देशभर रेड वॉर्निंग. गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी १८३ किलोमीटर नोंदला गेला, या देशातला आजवरचा सर्वांत जोरदार. आमच्याकडे इतकं नव्हतं, पण वीज गेली आणि ओव्हन बंद. गॅसची शेगडी काडी लावून पेटत होती.

सोडा ब्रेडची छापून आलेली जुनी कृती १८३६ सालची आहे. उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरी गावच्या एका वर्तमानपत्रात कोणी पत्रातून कळवली होती आणि त्यावरून लंडनच्या शेतीविषयक मासिकाने ती घेतली. दीड पौंड गव्हाचं जाडं पीठ, मीठ, एक मोठा चमचा सोडा, आणि खूप आंबट ताक. पीठ हाताळता येईल तितकं सैल, जितकं सैल तितकं चांगलं. इंचभर जाडीची भाकर थापायची आणि झाकणाच्या पसरट भांड्यात भाजायची. लिहिणाऱ्याने पचनासाठी आणि पोटासाठी याच्यासारखा ब्रेड नाही असं बजावून सांगितलं आहे. म्हणजे हा ब्रेड पहिल्यापासून जाड्या पिठाचा आणि पोटाला चांगला म्हणूनच सांगितला गेला. दीड पौंड म्हणजे ६८० ग्रॅम पीठ. चमचा मोठा धरला तरी सोडा माझ्या ५ जानेवारीच्या मापापेक्षा जास्त ठरत नाही, आणि ताक "खूप आंबट" हवं असं स्पष्ट म्हटलंय.

आज तेच केलं. बिडाचा तवा मंद तापवला, पीठ इंचाला थोडं कमी असं थापलं, सुरीने चार तुकडे केले, वर झाकण. एका बाजूने नऊ-दहा मिनिटं, उलटून तेवढीच. मग तुकडे उभे करून कापलेल्या कडा शेकल्या. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, सोडा ब्रेड तव्यावर असाच चतकोर पाडून भाजतात, बहुतेक मैद्याचा. आमचा होलमीलचा. सोडा ४ ग्रॅमच्या मापाने. बाबा मेणबत्तीच्या उजेडात तुकडे उलटत होते. भाकरी भाजणाऱ्या घरातला हात आहे, एकही तुकडा करपला नाही.

गरमागरम, लोणी लावून खाल्ला. सोड्याची चव अजिबात नाही.

३ फेब्रुवारी

सेंट ब्रिजिडची सुट्टी. २०२३ पासून ही सार्वजनिक सुट्टी आहे. ब्रिजिड दूधदुभत्याची, गोठ्याची रक्षणकर्ती, तेव्हा ताकाच्या नोंदीला याहून चांगला दिवस नाही.

शेजारच्या आजी आल्या होत्या. वेस्ट कॉर्कमधल्या शेतावर वाढलेल्या. त्यांच्या लहानपणी घरी ओव्हन नव्हता. बॅस्टिबल म्हणून बिडाचं जाड, झाकणाचं भांडं पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या) विस्तवावर टांगलेलं असायचं, ब्रेड आत ठेवून झाकणावर निखारे रचायचे. वरून-खालून सारखी धग. त्यांनी माझं पीठ कालवणं पाहिलं आणि हात धरून थांबवलं. बोटं पसरून, ताठ ठेवून, भांड्याच्या कडेने गोल फिरवायची. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात बाहेर. मळलं तर ब्रेड चिवट होतो आणि जमलेला वायू निघून जातो. मी थांबतच होते, पण त्या माझ्या निम्म्या वेळात थांबतात.

ब्रेडवर भाजण्याआधी सुरीने मारतात त्या फुलीबद्दल विचारलं. पऱ्यांना बाहेर जायला वाट, असं त्यांना आईने सांगितलेलं, आणि त्या अजूनही फुली मारल्यावर चारही कोपऱ्यांत सुरीचं टोक टोचतात. फुली खोल असली की जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत धग पोचते आणि भाजल्यावर ब्रेडचे चार तुकडे सहज मोडतात, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या पिठात मोठा चमचाभर ट्रीकल घालतात, काकवीसारखा काळा पाक. रंग सुंदर येतो. मी घालणार नाही. आयर्लंडच्या व्हॅट कायद्यात ब्रेडची जी व्याख्या आहे तिच्यात साखर पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. याच मुद्द्यावर २०२० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका सँडविच साखळीचा ब्रेड कराच्या सवलतीसाठी ब्रेड मानायला नकार दिला. त्यात साखर १० टक्के होती. ४५० ग्रॅम पिठाला २ टक्के म्हणजे ९ ग्रॅम. भरलेला मोठा चमचा ट्रीकल त्याच्या पुढेच जातो.

ताकाबद्दल आजींचं म्हणणं मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. आता दुकानात मिळतं ते कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून केलेलं. त्यांच्या घरी साय आंबवून, घुसळून लोणी काढल्यावर उरायचं ते ताक. बाबा ऐकून उठलेच. संध्याकाळी अर्धा लिटर क्रीमला चमचाभर दही लावून ठेवलं.

५ फेब्रुवारी

क्रीम लागायला दोन रात्री गेल्या, इथल्या थंडीत तेवढं लागणारच. बाबांनी घुसळलं. आधी जड, मग अचानक रवाळ, मग पिवळे कण सुटे होऊन भांड्याच्या कडेला चिकटले आणि खाली पातळ, निळसर झाक असलेलं ताक. ते आणखी एक दिवस बाहेर ठेवणार आहे, आंबट होऊ दे.

९ फेब्रुवारी

या सगळ्या खटाटोपातली महत्त्वाची नोंद हीच.

जाडं पीठ गळतं आणि टोचतं, कारण कोंड्याला ताक प्यायला वेळच मिळत नाही. सोडा ओला झाल्या क्षणापासून काम सुरू करतो, म्हणून सगळे सांगतात की कालवून लगेच ओव्हनमध्ये घाला. सोड्यासाठी ते बरोबरच आहे. पण पिठाला आणि सोड्याला एकाच वेळी ओलं करायलाच हवं असं कुठे आहे?

काल रात्री ३५० ग्रॅम होलमील आणि ५० ग्रॅम ओटच्या कण्या ४२० मिली ताकात भिजवून झाकून ओट्यावर ठेवल्या. या कण्या कॉर्क परगण्यातल्या मॅक्रूम गावच्या गिरणीतल्या, तिथे ओट आधी भाजून मग दगडावर भरडतात, पुडा उघडताच खरपूस वास येतो. स्वयंपाकघरात रात्री १३-१४ अंश असतात. सोडा आणि मीठ घातलं नाही. ५० ग्रॅम पीठ त्याच होलमीलमधून चाळून बारीक वेगळं काढलं आणि कोरडं ठेवलं. चाळणीवर राहिलेला कोंडा फेकला नाही, भिजवणीत घातला.

सकाळी भिजवण फुगून जाड खिरीसारखी झाली होती. कोंड्याचा पापुद्रा बोटांत धरला तर मऊ, दाबला तर चपटा होतो. काल तोच नखाला टोचत होता. कोरड्या पिठात ४ ग्रॅम सोडा आणि ४ ग्रॅम मीठ घालून दोनदा चाळलं. दोनदा चाळणं आवश्यक आहे, गाठ राहिली तर तिथे तपकिरी ठिपका आणि कडू घास. ते वरून भुरभुरून आजींच्या पद्धतीने बोटं फिरवली, अर्ध्या मिनिटात भांड्यातून बारीक चरचर ऐकू यायला लागली आणि पीठ हाताखाली हलकं झालं. लगेच डब्याच्या साच्यात ओतलं. हे मिश्रण थापण्याइतकं घट्ट नसतं, त्यामुळे गोल ब्रेड नाही, पण वर सुरीने उभी चीर दिली. २२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर ४० मिनिटं.

ब्रेड सरळ कापला गेला. चकती एका कडेने उचलली तरी वाकते, तुटत नाही. टोकाच्या सूर्यफुलाच्या बिया उद्यापर्यंत पाहायच्या, आत्ता तरी पांढऱ्या आहेत.

भिजवण्याचा आणखी एक फायदा. कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. धान्यातलंच फायटेज हे विकर ते मोडतं, पण त्याला ओलावा, वेळ आणि थोडी आम्लता लागते. झटपट सोडा ब्रेडमध्ये वेळ कुठून मिळणार? रात्रभर ताकात ठेवलं की या तिन्ही गोष्टी मिळतात. अख्खं धान्य खायचं ते त्यातलं अंगी लागावं म्हणून, तेव्हा ही रात्र मला फुकट वाटत नाही.

१० फेब्रुवारी

बिया पांढऱ्याच. एकीच्या टोकाला किंचित हिरवट झाक, बस.

१६ फेब्रुवारी

मीठ ३ ग्रॅमवर आणलं. आता सोडा आणि मीठ मिळून सोडियम सुमारे २.३ ग्रॅम, जानेवारीत ते ३.३ होतं. चकतीला १४० मिलिग्रॅमच्या आसपास. बाबांना फरक सांगितला नव्हता. त्यांनी विचारलं ते वेगळंच: "आज ताक जास्त आंबट होतं का?" घुसळलेलं घरचं ताक होतं, दोन दिवस जुनं. आंबटपणा असला की मीठ कमी आहे हे जिभेला कळत नाही, आणि भाजलेल्या ओटचा खरपूसपणा मदत करतो. मीठ अडीच ग्रॅमवर नेलं तेव्हा मात्र मागचा ब्रेड सपक लागला होता. तीनवर थांबते.

बाबा म्हणाले थोडी ज्वारी घालून बघ. ५० ग्रॅम ओटच्या जागी ज्वारीचं पीठ घातलं, चव गोडसर छान, पण ज्वारीत ग्लुटेन नाही आणि कडा पुन्हा गळायला लागल्या. ओटच्या कण्या भिजून चिकटपणा देतात, ज्वारी देत नाही. ज्वारी भाकरीसाठीच ठेवू.

२२ फेब्रुवारी

साठवण. ओव्हनमधून काढल्यावर पंच्यात गुंडाळला की कवच मऊ राहतं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही, आतली वाफ निवायला तीन-चार तास लागतात. मध्यभागाचं तापमान ९६-९७ अंश झालं की भाजला गेला, टिचकीपेक्षा थर्मामीटर खात्रीचा. तिसऱ्या दिवसापर्यंत उत्तम. उरलेल्या चकत्या फ्रीझरमध्ये, मध्ये कागद घालून.

२ मार्च

ठरलेलं माप: जाडं होलमील ४०० ग्रॅम (त्यातलं ५० ग्रॅम बारीक चाळून कोरडं ठेवायचं), ओटच्या कण्या ५० ग्रॅम, आंबट ताक ४२० मिली, सोडा ४ ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम. सोडा वजन काट्यावर मोजायचा, चमच्याने नाही.

बाबा पुढच्या आठवड्यात साताऱ्याला परत जातात. तिथे हेच जमवायचं आहे. ताकाचा प्रश्न नाही, आईचं ताक दुकानातल्यापेक्षा चांगलंच असेल. पीठ मात्र चपातीचं चालणार नाही. गिरणीत सांगून गहू भरडून आणायचा, लापशीपेक्षा बारीक आणि रव्यापेक्षा थोडा जाड, कोंडा न चाळता, एका वेळी दोन किलोच. तिकडचा गहू इथल्यापेक्षा कडक, म्हणून ताक ४५० मिलीपासून सुरू करायचं. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवलं तर फार आंबेल, फ्रीजमध्ये भिजत घालायचं. ओटच्या कण्यांचा एक पुडा बाबांच्या बॅगेत टाकलाय, तो संपेपर्यंत गव्हाच्या दलियावर प्रयोग करून कळवायला सांगितलंय. ओव्हन लहान आहे, २०० अंशांवरच पूर्ण वेळ, आणि वरचा रंग लवकर आला तर फॉइल.

"काट्यावर चार ग्रॅम दिसतात का गं आपल्या?" बाबांनी विचारलं. घरचा काटा पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. माझा छोटा काटाही बॅगेत टाकला, मी इथे दुसरा घेते.